मॉरिशसची भिंत आणि आपला बांध

पेणचे गणपती मॉरिशसला जातात हे आपण सगळ्यांना कौतुकाने सांगतो. पण हा देश आहे केवढा? 2,040 चौरस किलोमीटर. आपल्या रायगड जिल्ह्यात असे साडेतीन मावतील. वस्ती साडेबारा लाखांच्या आसपास. 1834 पासून उसाच्या मळ्यांवर करारावर माणसं नेली, त्यात मुंबई बंदरातून गेलेले आपले कोकणातले लोकही होते. त्यांची आजची पिढी घरात क्रिओल बोलते, मराठी शाळेत शिकते, जाखडी मात्र अजून नाचते. गणेश चतुर्थीला तिथे देशभर सुट्टी असते. (आपल्याकडे कंपनीत शिफ्ट बदलून मिळाली तरी नशीब!)

मला मात्र त्या बेटाची दुसरीच गोष्ट लागून राहिली. बेटाभोवती जवळपास सगळीकडून प्रवाळाची रांग आहे. मोठी लाट बाहेरच फुटते, आत किनाऱ्याशी पाणी तळ्यासारखं शांत. मासेमारी, पर्यटन, सगळं त्या भिंतीच्या भरवशावर. आता समुद्र तापतोय, प्रवाळं पांढरी पडून मरतायत, किनारे झिजतायत.

आमच्या खारेपाटात प्रवाळ नाही, मातीचा बांध आहे. वाशी, वढाव, दादर, कुठेही जाऊन बघा. उधाणाला खाडीचं पाणी शेताच्या वर असतं. बांध आणि उघाड्या आहेत म्हणून भात पिकतो. पूर्वी गावाची जोळ असायची, घरटी एक माणूस बांधावर चिखल टाकायला जायचा. 1948 साली खारजमिनीचा कायदा आला, बांधाची जबाबदारी हळूहळू सरकारकडे गेली आणि जोळ मोडली. मग खांड गेली की अर्ज, पंचनामा, निविदा. तोवर पुढचं उधाण येतंच.

आमच्या शेतात असंच खारं पाणी शिरलं. तीन वर्षं दाणा नाही. चौथ्या वर्षी जमीन जरा गोडी झाली, पण तोपर्यंत धाकटा भाऊ रोह्याला कंपनीत लागला होता. रोज मेमूने जातो-येतो. पगार वेळेवर होतो, त्याला नावं कशी ठेवणार? पण बांधावर जाणारा एक माणूस कमी झाला तो झालाच.

मेलेलं प्रवाळ मॉरिशसवाल्यांना एका वर्षात उभं करता येणार नाही. आपला बांध निदान मातीचा आहे.

येत्या अमावस्येच्या उधाणाआधी आम्ही दहा-बारा जण बांध चालून बघणार आहोत. कुठे खेकड्यांनी पोखरलंय, कुठल्या उघाडीचं दार मोडलंय, ते फोटोसकट ग्रामसभेत मांडू. यायचं असेल तर ओहोटीची वेळ बघून या. आणि मोटारसायकल बांधावर आणू नका.