निकदेमाचं पुढं काय झालं?

योहानाच्या शुभवर्तमानात निकदेम तीनदा भेटतो. पहिल्यांदा रात्रीचा, येशूंकडे आलेला. माणूस परूशी, यहुद्यांच्या न्यायसभेतला, जाणता. म्हातारपणी पुन्हा जन्म कसा घ्यायचा, असं विचारतो आणि उत्तर ऐकून आणखीच बुचकळ्यात पडतो. येशू पुढं बोलत राहतात. निकदेम केव्हा उठला, पटलं म्हणून उठला की वैतागून, याचा पत्ता लागत नाही. दुसऱ्यांदा तो न्यायसभेत तोंड उघडतो. माणसाचं म्हणणं ऐकून न घेताच त्याला दोषी ठरवायचं, हे आपल्या नियमशास्त्रात बसतं का, एवढंच विचारतो आणि टोमणा खाऊन गप्प होतो. तिसऱ्यांदा येतो तो येशूंच्या मृत्यूनंतर, शंभरेक रत्तल गंधरस आणि अगरू घेऊन. रोमी रत्तल धरला तर तीस किलोंच्या वर ओझं. सोबतच्या अरिमथाईच्या योसेफाला योहान निदान 'भीतीमुळं गुप्त राहिलेला शिष्य' म्हणतो. निकदेमाला तेही नाही. पूर्वी रात्री आला होता तो, एवढीच त्याची ओळख. त्यानं विश्वास ठेवला का, यावर शास्त्र चकार शब्द काढत नाही.

मिरजेच्या माझ्या एका ख्रिस्ती स्नेह्यांना हे मौन खुपतं. निवृत्त मास्तर आहेत, उत्तरपत्रिका कोरी सोडलेली त्यांना चालत नाही. "मनात होतं तर चारचौघांत बोलायचं होतं. घाबरट होता, दुसरं काय?" त्यांच्या पाठीशी थोर माणसं आहेत. रोमन चर्चमध्येच राहून मनातून सुधारणावादी असलेल्यांना कॅल्विननं 1544 साली याच निकदेमाच्या नावानं झोडपलं होतं. उलट जुन्या चर्चपरंपरांनी त्याला संतांच्या पंगतीत बसवलं, त्याच्या नावावर एक वेगळं शुभवर्तमानही खपवलं. म्हणजे योहानानं मोकळी सोडलेली ओळ दोन्हीकडच्यांनी आपापल्या शाईनं भरून टाकली.

मी मास्तरांपुढं नामान ठेवतो. अरामाचा हा सेनापती कोडातून बरा होतो आणि यापुढं इस्राएलाच्या देवाशिवाय कुणाला यज्ञ करणार नाही म्हणतो. त्यासाठी दोन खेचरांवर मावेल एवढी तिथली माती मागून नेतो. पण जाता जाता एक अडचणही सांगतो: राजा माझ्या हातावर टेकून रिम्मोनाच्या देवळात वाकतो, तेव्हा मलाही वाकावं लागेल, तेवढी क्षमा व्हावी. अलीशा त्याला हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. शांतीनं जा म्हणतो, एवढंच. नामान पुढं वाकला का, वाकताना मनात कुणाचं नाव होतं, हेही कुणी लिहून ठेवलेलं नाही. मास्तर म्हणतात, तो नवखा होता, त्याला सवलत. निकदेम शास्त्री होता.

मी कुंडलचा. आमच्या गावात बसून हा वाद ऐकताना मला 1943 आठवतं. पाहिलेलं नाही, ऐकलेलं. गाव तेव्हा औंध संस्थानात. ब्रिटिश हद्दीतल्या पोलिसांना इथं सरळ हात घालता येत नसे, म्हणून इंग्रजांविरुद्ध भूमिगत लढणाऱ्या प्रतिसरकारला हा मुलूख आसऱ्याचा. जी. डी. बापू लाड, कॅप्टन रामभाऊ लाड ही नावं आज पोरासोरांना पाठ आहेत, साखर कारखान्यालाही बापूंचंच नाव आहे. पण भूमिगत राहायला घरं लागतात. रात्री मागच्या दारानं भाकरी-कोरड्यास पोचवायचं आणि दिवसा फौजदारापुढं हात जोडून 'आम्हाला काय ठावं साहेब' म्हणायचं, अशी माणसं लागतात. स्वातंत्र्यानंतर पेन्शनीला कागद मागितले: तुरुंगाचा दाखला, वॉरंट, कुणा मोठ्याचं प्रमाणपत्र. भाकरीचा दाखला कोण देणार? भाकरी पोचवणाऱ्या बाईच्या मनात देश होता, की शेजारच्या पोराची माया, की नुसतं भुकेल्याला घालायचं वळण, हे तिलाही सांगता आलं नसतं. पण डोक्यावर पाटी होती, हे खरं.

मास्तर यावर पटकन बोलत नाहीत. मग म्हणतात, "उघड झाले त्यांनी भोगलं त्याचं काय?" हा प्रश्न मात्र बिनतोड. आणि त्याचं उत्तर मला शास्त्रात नाही, साताऱ्यात सापडतं.

कवी नारायण वामन टिळकही आधी निकदेमच होते. 'ज्ञानोदय' या मिशनच्या पत्राच्या संपादकांशी त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला तो नाव झाकून. मग 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांनी उघड बाप्तिस्मा घेतला आणि किंमत पुरेपूर मोजली. आप्त तुटले. पत्नी लक्ष्मीबाई कितीतरी दिवस दूर राहिल्या. त्या ताटातुटीचे हाल त्यांची 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला सांगायला नकोत. अशा माणसानं पुढं काय करावं? मी भोगलं, तुम्हीही भोगा, असं म्हणायचा अधिकार कुणाला असेल तर तो त्यांना होता. पण 1917 साली मिशनची नोकरी आणि पगार सोडून ते साताऱ्याला आले आणि 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघंही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून तिथं बसू शकत होते. दारात दाखला विचारायचा नव्हता. दोन वर्षांत, 1919 च्या मे महिन्यात, ते गेले. घडी नीट बसायला अवधीच मिळाला नाही.

मला वाटतं, शास्त्राच्या मौनाचा अर्थ टिळकांना टीकाकारांपेक्षा चांगला कळला होता. योहानानं निकदेमाची श्रद्धा मोजली नाही, त्याचं ओझं मात्र वजनासकट लिहून ठेवलं. सगळे शिष्य पांगलेले, गुरू गुन्हेगार म्हणून मेलेला, अशा दिवशी तीस किलोंचा सुगंध काही लपवून नेता येत नाही. नेणाऱ्याच्या मनात काय चाललं होतं याची चौकशी करायची, तर ती करणाऱ्यानं आधी स्वतः काय उचललं ते सांगावं. टिळकांना ते सांगता आलं असतं. त्यांनी चौकशीच केली नाही. मास्तरांना हे अजून मान्य नाही. ते मिशनच्या आवारात वाढले, त्यांच्या पणजोबांना ख्रिस्ताचं नाव उघड घेतल्यापायी गाव सोडावं लागलं. त्यांनी निकदेमाला जाब विचारला तर मी अडवणार नाही. मी मात्र विचारणार नाही. मला त्यापायी आजवर काहीच सोडावं लागलेलं नाही.