सणाचा खाऊ सणाला

आमच्या घरात चॉकलेटचा कायदा मीच केला होता. रोज एक, गृहपाठ झाल्यावर, संध्याकाळी. दिवाळीला पुण्याहून वन्सं येत, उन्हाळ्यात मुंबईहून माझा भाऊ येई, मधूनमधून दिरांचे मित्र भंडारदऱ्याला जाता जाता डोकावत. प्रत्येकाच्या पिशवीत पोरांसाठी चॉकलेटं असत. पाहुणे दाराबाहेर पडले की ती सगळी एका स्टीलच्या डब्यात जात आणि डबा कपाटावर चढे. मग महिना-दोन महिने रोज एकेक. पाहुण्यांना मी हात आखडणारी वाटत असेन, पण मला मात्र हेच शहाणपण वाटत होतं. एकदम खाल्लं तर पोट बिघडतं, हाव वाढते. थोडं थोडं दिलं की सगळं आटोक्यात राहतं. हे मत मी आजूबाजूच्या बायकांना हिरिरीने सांगतही होते. आज माझं मत याच्या अगदी उलट आहे, आणि ते का बदललं हे सांगावंसं वाटतं.

आमचं राजूर पेढ्यांसाठी ओळखलं जातं. नगर जिल्ह्यातल्या अकोल्याकडून भंडारदऱ्याला निघालेली गाडी इथे थांबते ती पेढ्यांसाठीच. ज्या गावात दारातून बाहेर पडलं की खव्याचा वास येतो तिथे पोरं गोडात बुडून गेलेली असतील असं कुणालाही वाटेल. पण माझ्या लहानपणी तसं नव्हतं. पेढा घरी येई तो निकाल लागला म्हणून, बाळ झालं म्हणून, कुणाला नोकरी लागली म्हणून. त्या दिवशी पुडा उघडा असे, किती घेतले हे कुणी मोजत नसे, आणि दुसऱ्या दिवशी पुडा रिकामा असे. मग पुढचं निमित्त येईपर्यंत पेढ्याची आठवणही होत नसे. पेढा जपून ठेवून रोज एक देण्याची कल्पना आमच्या आईला सुचलीच नसती. शिळा पेढा वाटायचा नसतो, एवढंच तिला ठाऊक. माझ्या पोरांच्या बाबतीत मात्र मी डबा केला, कारण चॉकलेट टिकतं.

या डब्याला पहिला धक्का दिला माझ्या धाकट्या जावेने. तिचं माहेर नगरचं, ख्रिस्ती. नगरला अमेरिकन मराठी मिशन आलं १८३१ साली. तिथल्या कित्येक घरांत आता पाच-सहा पिढ्या ख्रिस्ती आणि पिढ्यान्‌पिढ्या मराठी आहेत. रेव्हरंड ना. वा. टिळकांची कर्मभूमी तीच. जाऊ आमच्या घरात आली तशी ईस्टरही आला. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत ती चहात साखर घालत नाही आणि गोडाला हात लावत नाही. आमच्या सासूबाईंना याचं कधी नवल वाटलं नाही. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्या बाईला उपास समजावून सांगावा लागत नाही.

ईस्टरच्या रविवारी मुंबईच्या बहिणीने पाठवलेली चॉकलेटची अंडी तिने पोरांना दिली. प्रत्येकाला एक, चांगलं मुठीएवढं, आतून पोकळ, सोनेरी कागदात. मी सवयीने डबा खाली काढला. अंडी फोडून तुकडे करावेत, पुढचे पंधरा-वीस दिवस पुरतील, असा माझा हिशेब. जाऊ सहसा माझ्यापुढे बोलत नाही, पण त्या दिवशी म्हणाली, "ताई, हे आजचं आहे. उद्यापासून देऊ नका हवं तर, पण आज खाऊ द्या."

मला राग आला, पण सण तिचा होता म्हणून मी डबा परत ठेवला.

मुलगी अंडं घेऊन पडवीत बसली. आधी तिने कागद सोलला, मांडीवर ठेवून नखाने सुरकुती न सुरकुती सपाट केला आणि पुस्तकात ठेवला. मग अंडं कानाशी धरून हलवून पाहिलं. एक टवका मोडला, खाल्ला, दुसरा मोडला. निम्म्यावर आली आणि थांबली. उरलेलं आजीच्या हातावर ठेवलं आणि खेळायला पळाली. मुलाने मात्र सगळं संपवलं आणि रात्री जेवला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघांपैकी कुणीही चॉकलेट मागितलं नाही. डबा तेव्हा रिकामाच होता आणि तो रिकामा आहे हे पोरांना माहीत होतं.

एरवी चार वाजले की आमच्या घरात एकच विषय असे. आज कुठलं, मोठं की छोटं, काल त्याला लाल कागदाचं मिळालं मग आज मला. गृहपाठ घाईघाईत उरके, कारण त्यापलीकडे डबा होता. पोरांना गोडाची हाव लागू नये म्हणून केलेल्या व्यवस्थेने त्यांची रोजची संध्याकाळ गोडाभोवती बांधून टाकली होती. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात जेनिफर फिशर आणि लिअन बर्च यांनी लहान मुलांवर केलेले प्रयोग मी पुढे वाचले. ते १९९९ साली छापून आले. खाऊ पारदर्शक बरणीत टेबलाच्या मधोमध ठेवायचा आणि फक्त ठरावीक वेळीच हात लावू द्यायचा. दिसतो पण मिळत नाही अशा त्या खाऊबद्दल मुलं जास्त बोलू लागली, तो जास्त मागू लागली. माझा डबा स्टीलचा होता, पण कपाटावर तो सगळ्यांना दिसत होताच.

तरीही मी लगेच बदलले नाही. बदलले ती दातांमुळे. मुलाची दाढ किडली म्हणून संगमनेरला डॉक्टरांकडे गेलो. मी मोठ्या विश्वासाने सांगितलं, रोज फक्त एकच चॉकलेट देते. डॉक्टरांनी किती ते विचारलंच नाही. दिवसातून किती वेळा आणि कधी गोड तोंडात जातं, एवढंच विचारलं. मग समजावून सांगितलं. तोंडातले जिवाणू साखरेपासून आम्ल बनवतात, त्या आम्लाने दाताचं वरचं कवच झिजू लागतं, आणि लाळेला ते आम्ल निववायला अर्धा-पाऊण तास, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. एका बैठकीत चार तुकडे खाल्ले तर दातांवर हल्ला एकदाच होतो. तेच चार तुकडे चार वेळा खाल्ले तर चारदा. चिकट गोळी असेल तर ती दातांच्या फटीत बसून तासन्‌तास तेच काम करते. रात्री निजण्याआधी खाल्लेलं सगळ्यात वाईट, कारण झोपेत लाळ कमी सुटते.

याची पाळंमुळं, डॉक्टर म्हणाले, स्वीडनमध्ये आहेत. १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून काही वर्षं लुंड शहराजवळच्या व्हिपेहोल्म नावाच्या संस्थेत मतिमंद रुग्णांना मुद्दाम चिकट टॉफ्या खायला घालून त्यांचे दात किती किडतात हे पाहिलं गेलं. त्या माणसांची संमती कुणी घेतली नव्हती. हे क्रौर्य होतं, आणि त्यातून मिळालेलं ज्ञान वापरताना आपण ते विसरू नये असं मला मनापासून वाटतं. १९५४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जेवणाबरोबर खाल्लेल्या साखरेने दातांचं फार बिघडलं नाही. दोन जेवणांच्या मध्ये चघळलेल्या चिकट गोडाने वाटोळं केलं. पुढे तिथे घराघरांत शनिवारचा खाऊ रुजला. पोरांनी आठवडाभर गोड खायचं नाही आणि शनिवारी मनसोक्त खायचं. आजही तिथली दुकानं शनिवारी पोरांनी भरलेली असतात.

हे सगळं ऐकताना मला पाडव्याची गाठी आठवली. ईस्टर आणि पाडवा मागेपुढेच येतात. साखरेचा पाक साच्यात ओतून, मधून दोरा घालून केलेली ती माळ आमच्याकडे होळीपासून पोरांच्या गळ्यात पडते. बाळाचा पहिला सण असेल तर आजोळची गाठी वेगळी, आत्याची वेगळी, मामाची वेगळी. पोर दिवसभर ती गळ्यात घालून हिंडतं आणि चोखत राहतं. खाऊन टाकली असती तर बरं, पण ती संपता संपत नाही. तीच गत हल्ली बोरन्हाणाची. बोरं, उसाचे करवे, भुईमुगाच्या शेंगा मागे पडल्या आणि बाळाच्या डोक्यावरून टॉफ्या ओतल्या जातात. भोवतीची पोरं त्या खिसे भरून नेतात आणि आठवडाभर चघळतात.

म्हणजे मग सणाला वाटेल तेवढं द्यावं का? नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं की दिवसभराच्या ऊर्जेपैकी वरून घातलेल्या साखरेतून येणारा वाटा दहा टक्क्यांच्या आत असावा, पाच टक्क्यांच्या आत ठेवता आला तर उत्तम. मोठ्या मुलासाठी पाच टक्के म्हणजे पंचवीस ग्रॅमच्या आसपास, साधारण सहा चमचे. दुधाच्या चॉकलेटमध्ये निम्मी किंवा त्याहून जास्त साखरच असते. शंभर ग्रॅमचं एक अंडं पोराने एका दिवशी संपवलं तर दोन दिवसांची साखर पोटात गेली. वर्षातून चार-पाच वेळा असं झालं तर माझं काही म्हणणं नाही. पण चार नातेवाइकांनी चार अंडी दिली तर तो सण राहत नाही, साठा होतो, आणि साठा झाला की डबा परत येतो. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला तर साखर देऊच नये असं तज्ज्ञ सांगतात. त्याला सण कळत नाही आणि हौस फक्त आपली भागते.

खरी साखर रोजच्या सवयीत लपलेली आहे हेही मला डबा गेल्यावरच दिसलं. सकाळी गोड चहात बुडवलेली बिस्किटं, दुपारी शाळेच्या फाटकाशी एक रुपयाची गोळी, संध्याकाळी पुन्हा चहा-बिस्किट. पाहुण्यांच्या चॉकलेटवर मी डोळ्यांत तेल घालून पहारा देत होते आणि बिस्किटाचा पुडा उघडाच होता. सीबीएसईने २०२५ मध्ये आपल्या शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितलं, कशात किती साखर आहे ते मुलांना दिसावं म्हणून. आमच्या भागातली बहुतेक पोरं जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा आश्रमशाळेत जातात. तो फलक तिथेही लागायला हवा.

एका गोष्टीबद्दल मात्र मी पूर्वीपेक्षा कडक झाले आहे. काजव्यांच्या दिवसांपासून पावसाळा संपेपर्यंत शनिवार-रविवारी रंधा धबधब्याकडे, रतनवाडीकडे, साम्रदकडे गाड्यांची रांग लागते. रस्त्याच्या कडेला पोरं उभी असतात. काचा खाली होतात आणि मूठभर चॉकलेटं, गोळ्या त्यांच्या हातात पडतात. देणाऱ्याच्या मनात माया असते, याबद्दल मला शंका नाही. पण एका गाडीमागे दुसरी गाडी, दुसरीमागे तिसरी, आणि पोर सकाळपासून अंधार पडेपर्यंत चघळतंय. त्याची दाढ दुखायला लागेल तेव्हा त्या गाड्या गेलेल्या असतील, आणि त्याची आई मजुरी बुडवून त्याला एसटीने तालुक्याला नेत असेल. त्याच पोरांच्या हातात मे-जूनमध्ये पानांच्या द्रोणात करवंदं, जांभळं असतात. ती विकत घ्या, घासाघीस न करता घ्या. ज्या पोराच्या आईला आपण ओळखत नाही, तिला विचारू शकत नाही, त्या पोराच्या तोंडात आपण काही घालू नये.

नातेवाइकांना आता मी आधीच फोन करते. सणाला येताय ना, या. चॉकलेट आणा, पण सगळ्यांनी मिळून एकच आणा, आणि माझ्या हातात न देता पोरांच्या हातात द्या. त्यांना ते तुमच्यासमोर फोडू द्या, तुम्हीही त्यातलं खा. मागे उरेल एवढं आणू नका. एरवी रिकाम्या हाताने आलात तरी आमच्या दारात तुमचा मान कमी होणार नाही. माझा भाऊ हे लगेच समजला. वन्संना ते लागलं. "भाचरांसाठी आत्याने काही आणायचंही नाही का?" असं त्या म्हणाल्या, आणि दिवाळीनंतर कितीतरी दिवस आमचं बोलणं तुटक राहिलं. त्यांची माया पिशवीतून व्यक्त होते, ती मी पिशवीत अडवली, हे मलाही टोचतं. यंदा त्यांनी भाचीला घेऊन स्वतः पुरणपोळी केली, आणि त्या दिवशी पोरीने किती खाल्ल्या हे मी पाहिलं नाही.

घरात एकच रोजचं गोड उरलं होतं, सासूबाईंची देवापुढची खडीसाखर. सकाळची पूजा झाली की दोन्ही पोरांच्या तळहातावर दोन-दोन खडे, आणि शाळेत पोहोचेपर्यंत ते गालात फिरत राहायचे. ते बंद करा असं म्हणायची माझी तयारी नव्हती, आणि त्यांनी ऐकलंही नसतं. मी फक्त डॉक्टरांनी जेवणाबरोबरच्या साखरेबद्दल सांगितलं होतं ते त्यांना सांगितलं. त्यांनी दोन दिवस विचार केला. आता पूजा सकाळीच होते, पण खडीसाखर वाटीत देवापाशी राहते आणि पोरं जेवायला बसली की वरण-भाताबरोबर त्यांच्या पानात पडते.