तेव्हा तोंडं का झाकली होती?

मुंबई प्राइडचे जुने फोटो कुणीतरी शेअर करतं आणि खाली हमखास एक प्रश्न येतो, "अभिमानाचा मोर्चा ना? मग तोंडं का झाकलीत?" विचारणारी मुलं विशी-बाविशीतली असतात. मला राग येत नाही. उलट त्यांना याचं नवल वाटतं याचंच बरं वाटतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिला मोर्चा निघाला १६ ऑगस्ट २००८ ला, ऑगस्ट क्रांती मैदान ते गिरगाव चौपाटी. नाव 'क्वीअर आझादी', तारीख स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवसाची आणि मैदान १९४२ च्या 'छोडो भारत'चं. वेगळं काही सांगायची गरजच नव्हती. इंग्रज गेले, पण १८६० च्या दंडसंहितेतलं त्यांचं कलम ३७७ इथेच राहिलं होतं. दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल यायला अजून जवळपास वर्ष होतं. म्हणजे आम्ही रस्त्यावर उतरलो तेव्हा आमचे संबंध कायद्याने गुन्हा होते आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत होऊ शकत होती.

मी डोंबिवलीहून आलो होतो. शनिवार होता, घरी ओव्हरटाइम सांगितला होता. पुठ्ठ्याचा मुखवटा पिशवीत, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. खरं सांगू? पोलिसांच्या काठीची फारशी भीती वाटत नव्हती. भीती होती कॅमेऱ्याची. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला तर? तो पेपर बाबा वाचणार, शेजारच्या काकू वाचणार, ऑफिसातला साहेबही वाचणार. एका फोटोत घर आणि नोकरी दोन्ही जाऊ शकत होतं.

पण त्या दिवसातले मला जास्त आठवतात ते उघडे चेहरे. माझ्या आसपास तोंड न झाकता चालणाऱ्यांत हिजडा समाजातल्या जणी बऱ्याच होत्या. छान साड्या नेसून, टाळ्या वाजवत. त्यातल्या एकीने मला विचारलं, "काय रे, गरम नाही होत त्यात?"

म्हटलं, "होतं ना ताई. पण घरी माहीत नाही."

ती म्हणाली, "आमच्या घरी कळलं तेव्हाच घर सुटलं. राहू दे तुझा. आम्ही आहोत पुढे."

आणि ती खरंच पुढे गेली.

हे मी गेली कित्येक वर्षं मनात घोळवतोय. मुखवटा ही आमची मजबुरी होती हे खरं. पण लपवायला आमच्याकडे घर आणि नोकरी शिल्लक होती, हेही तितकंच खरं. ज्यांना लपण्याची सोयच नव्हती, त्यांच्या आडोशाने आम्ही चालायला शिकलो.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. २००९ ला दिलासा, ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो काढून घेतला, ६ सप्टेंबर २०१८ ला परत दिला. मुखवटे कमी झाले, कंपन्यांचे टी-शर्ट आले. आनंदच आहे. पण ज्या पुढे चालत होत्या त्यांचं काय? २०१४ च्या 'नाल्सा' निकालाने आपली ओळख आपण ठरवायची असं म्हटलं आणि २०१९ च्या कायद्याने त्याच ओळखीच्या प्रमाणपत्रासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायला लावला. यावर आपल्यातले किती जण बोलले? २०२३ ला विवाहाचा हक्क नाकारला गेला तेव्हा मात्र माझी टाइमलाइन भरून वाहत होती. तो संताप योग्यच होता. फक्त तो दोन्हीकडे सारखा असायला हवा होता.

तर मित्रमैत्रिणींनो, प्राइडला येणार असाल तर दोन गोष्टी. गर्दीतल्या कुणाचाही फोटो विचारल्याशिवाय टाकू नका, टॅग तर मुळीच करू नका. कसाऱ्याहून, पालघरहून कुणीतरी आजही घरी थाप मारूनच आलेलं असतं. आणि तृतीयपंथीयांच्या मागण्यांचा फलक कुणी हातात दिला, तर तो शेवटपर्यंत धरा. सेल्फीपुरता नको.