राहून गेलेले मालवण

कागलच्या वेशीबाहेर, उसाच्या फडांमधून जुन्या विहिरी दिसतात. माझ्या लहानपणी मुलगे पाठीला वाळका भोपळा बांधून त्यांत उड्या घेत आणि बघता बघता पोहायला शिकत. मुलींनी काठावर धुणे धुवावे, इतकाच आमचा पाण्याशी संबंध. हे आधी सांगते, कारण वयाच्या बासष्टाव्या वर्षी समुद्रात तोंड बुडवण्याचा माझा प्रसंग आपल्याला पोरखेळ वाटू नये.

आमचे लग्न १९८२ च्या डिसेंबरातले. मधुचंद्रासाठी मालवणला जायचे ठरले होते. पण ऊस तोडीला आला होता आणि सासरे अंथरुणाला खिळले होते. जोतिबा आणि नरसोबाची वाडी एवढे देवदर्शन करून आम्ही घरी परतलो. मालवण राहिले, ते चाळीस वर्षे राहिले. पुढे यजमानांची बायपास शस्त्रक्रिया झाली आणि घरातले घड्याळ औषधांच्या वेळांवर चालू लागले. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे, त्यांना अधिक सांगायला नको.

अखेर एका हिवाळ्यात पुतण्याने गाडी काढली. निढोरी, मुदाळतिट्टा, राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली असा सुमारे दीडशे किलोमीटरचा रस्ता. दर दीड तासाने उतरून थोडे चालत होतो. बसून बसून पायांवर सूज चढते, हे आता आम्हाला पाठ आहे.

निघण्यापूर्वी दोघेही डॉक्टरांना भेटलो होतो. ह्यांना होडीत बसण्याची मुभा मिळाली, पाण्यात उतरण्याची नाही. कारण समजून घेण्यासारखे आहे. शरीर पाण्यात गेले, की पायांतले रक्त छातीकडे ढकलले जाते, हृदयावरचा भार वाढतो. पाणी थंड असेल तर रक्तदाबही चढतो. त्यातच स्नॉर्केलच्या नळीतून श्वास ओढायला नेहमीपेक्षा जास्त जोर लागतो. हृदयविकार, दमा, फिट्स किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा विचारही करू नये. माझा रक्तदाब गोळीने काबूत असल्याने मला परवानगी होती. म्हणजे पोहता येणारा माणूस काठावर आणि न येणारी पाण्यात, अशी आमची उलटी वाटणी झाली.

तयारी मी घरीच, न्हाणीघरातल्या घंगाळात केली होती. दाराला कडी घालून, कोणी हसू नये म्हणून! तोंड बुडवून दहा अंक मोजायचे. पण खरी अडचण तिथे कळली नव्हती. स्नॉर्केलिंगच्या चष्म्यात नाकही झाकले जाते आणि श्वास तोंडातल्या नळीनेच घ्यावा लागतो. मालवणच्या किनाऱ्याजवळ कमरेएवढ्या पाण्यात मी पहिला प्रयत्न केला, तेव्हा सवयीने नाकाने श्वास ओढला. हवा आली नाही. घाबरून मान वळवली, नळीत पाणी शिरले आणि घोटभर खारे पाणी पोटात गेले. मी सरळ उभी राहिले आणि सांगून टाकले, की आता बास.

त्या दिवशी मग सिंधुदुर्ग पाहिला. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर हा किल्ला बांधायला घेतला. चहूबाजूंनी खारे पाणी, आणि आत दूधबाव, साखरबाव, दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी! हे दूधबावेच्या काठावर बराच वेळ उभे होते. विहिरीच्या काठावर आणि कोरड्या अंगाने त्यांना उभे राहिलेले मी प्रथमच पाहत होते. रात्री जेवणानंतर ते म्हणाले, "अगं, तुझं पाण्याशी भांडण नाही, श्वासाशी आहे. चेंडूंची आठवण कर की."

शस्त्रक्रियेनंतर त्यांना तीन चेंडूंचे ते श्वासाचे यंत्र दिले होते. महिनाभर मी उशाशी बसून मोजत असे: सावकाश घ्या, थांबा, लांब सोडा. आता तेच ते मला शिकवू लागले. त्यात शास्त्रही आहे. नळीत आपलीच सोडलेली हवा साठून राहते. घाईने, उथळ श्वास घेतले तर तीच पुन्हा आत येते आणि जीव अधिकच घाबरा होतो. उच्छ्वास लांब असावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पडलेला होता. होडी किल्ल्याच्या आडोशाला थांबली. इथला समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, त्यामुळे माशांना काही खाऊ घालू नये. लाइफ जॅकेट घालून मी शिडीशी बसले, पण उतरवेना. भीती पाण्याची होती, तशी हातातल्या पिशवीचीही होती. तिच्यात ह्यांची जिभेखालची गोळी असते. चार वर्षांत ती मी कोणाच्या हाती दिली नव्हती. शेवटी पुतण्याच्या हातात दिली, कोणता कप्पा ते दोनदा सांगितले. "काकी, मी हात सोडूचंय नाय," पाण्यातला तरुण मार्गदर्शक म्हणाला.

तोंड बुडवले. श्वास घेतला, लांब सोडला. नळीतून तो घुमल्यासारखा ऐकू येत होता. मग खाली खडक दिसला, खडकाच्या कपारीत काटेरी काळे गोळे दिसले आणि पिवळ्या पाठीचे, काळ्या उभ्या पट्ट्यांचे मासे अगदी हाताशी आले, वळले, पुन्हा आले. शाळा सुटल्यासारखी त्यांची लगबग. माझ्याकडे कोणाचेच लक्ष नव्हते, आणि कितीतरी दिवसांत मीही कोणाकडे लक्ष देत नव्हते.

दम लागला, छाती जड वाटली किंवा एकाएकी थकवा आला, तर नळी काढून उताणे व्हायचे आणि हात वर करायचा, हे मला पढवून ठेवले होते. तशी वेळ आली नाही. थंडी वाजू लागली, तेव्हा मीच खूण केली.

होडीत ओढून घेताना हे घड्याळाकडे पाहत होते. "बारा मिनिटं. एकशे ऐंशीपर्यंत मोजले, पुढं तू लांब गेलीस, ऐकू येईना."

"काय मोजले?"

"तुझे श्वास. त्या नळीतून ऐकू येतात की इथवर."

मी टॉवेल गुंडाळून पिशवी परत मागितली. पुतण्याने ती दोन्ही हातांनी छातीशी धरून ठेवली होती. अकराची गोळी द्यायला वीस मिनिटे उशीर झाला होता. त्यांनी ती घेतली, पाणी प्याले आणि विचारले, "हं, आता सांग. सगळ्यात आधी काय दिसलं?"