माणक्या

बालाघाटच्या डोंगररांगा बीड जिल्ह्याच्या पूर्वेकडे जेथे सौम्य होत जातात, तेथून कंधारचा मुलूख फारसा दूर राहत नाही. आणि म्हणूनच परळी-अंबाजोगाईच्या बाजूला अनेक दावणींवर लाल कंधारी जनावरांचा वंश पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलेला आहे. गर्द तांबडा एकरंगी वर्ण, डोळ्यांभोवती काळी कडा, रुंद आणि किंचित फुगीर कपाळ, बाजूला झुकलेले लांब कान व सारख्या वळणाची मध्यम शिंगे ही त्या वंशाची लक्षणे होत. आमच्या गोठ्यात जन्मलेल्या गोऱ्ह्याच्या ठायी ती सर्व इतक्या स्पष्टपणे उमटलेली होती, की आजीने त्याचे नाव माणक्या ठेवले तेव्हा घरात दुसऱ्या नावाचा विचारही कोणी केला नाही.

आजोबा निजामी अमदानीतील मालीपाटील. अंबाजोगाईला ते अखेरपर्यंत मोमिनाबादच म्हणत, आणि जमिनीच्या दाखल्याइतकीच जनावराच्या वंशाची शहानिशा करीत. गोऱ्हा दोनदाती होताच, म्हणजे त्याच्या खालच्या जबड्यातील दुधाच्या दातांची पहिली जोडी पडून तेथे कायमचे दात आले तेव्हा, त्यांनी त्याला माळेगावच्या प्रदर्शनात उभा करण्याचा निश्चय केला. नांदेड जिल्ह्यातील माळेगावी मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीपासून खंडोबाची जी थोर यात्रा भरते, तिच्या बाजारात घोडे, गाढवे, उंट यांच्या बरोबरीने कंधारी आणि देवणी गुरांनाही मोठा मान असतो. माणक्याची निगा राखण्याचे काम माझ्याकडे आले आणि ते शिकविण्याचे आमच्या वृद्ध सालगड्याकडे, ज्यांना आम्ही मुले मामा म्हणत असू.

मला वाटले होते, की मामा प्रथम खरारा हाती देतील. परंतु पुष्कळ दिवस त्यांनी मला केवळ रिकामा हात फिरविण्यास लावले. ‘लेकरा, आधी हात फिरव, मंग खरारा. हाताला जे घावतं ते डोळ्याला दिसत न्हाई,’ एवढेच ते म्हणत. कपाळापासून आरंभ करून कानामागे, तेथून मानेखालच्या पोळीच्या घड्यांत, वशिंडाभोवती, पाठीच्या कण्यावरून माकडहाडापर्यंत, मग बरगड्या, मांड्यांची आतली बाजू आणि शेवटी खूर, असा त्यांचा शिरस्ता होता, आणि त्यात कधीही फेरफार होत नसे. गोचीड लपते ते कानाच्या मुळाशी आणि शेपटाखाली; जू किंवा दावे काचून झालेली सूज केसांखाली झाकलेली असते; आणि तापाची पहिली वर्दी कानाच्या स्पर्शातूनच मिळते, हे सर्व मी या क्रमाने शिकलो.

त्यानंतर खरारा आला. तो केसांच्या ओढीनेच फिरवावयाचा, हाडावर हलका आणि मांसावर दाबून. त्याने सुटलेली धूळ घोंगडीच्या तुकड्याने पुसावयाची आणि तेलाचे बोट त्या तुकड्यालाच लावावयाचे, कारण अंगावर ओतलेले तेल धूळ धरते आणि तांबड्या वर्णाचे तेज उतरविते. खरी झळाळी मात्र आतून येते, अशी मामांची श्रद्धा होती, आणि तिच्यापोटी माणक्याच्या आंबोणात जवसाची पेंड नियमाने पडत असे. खुरांची वाढ प्रदर्शनाच्या ऐन तोंडावर काढू नये, पुष्कळ आधी काढावी, म्हणजे कोवळा खूर वाटचालीत दुखत नाही. पोळ्याला शिंगांना लागलेला हिंगूळ घासून काढून शिंगे मूळ रंगावर आणली. कारण वंशाची परीक्षा द्यावयाची तर जनावर आहे तसे पंचांपुढे न्यावे, हा आजोबांचा हुकूम होता. याच्या जोडीला म्होरकी घालून सावकाश चालणे आणि थांबताच चारी पाय सारखे टेकून मान उचलून उभे राहणे हेही रोज होई, आणि त्या सहवासात माणक्या माझा आवाज ओळखू लागला.

अहमदपूरमार्गे मुक्काम करीत आम्ही माळेगावी पोहोचलो. परीक्षक असलेले पशुवैद्य माणक्याजवळ आले आणि त्यांनी कपाळापासून खुरांपर्यंत हात फिरविला तो नेमका मामांच्या क्रमाने. पाठीच्या मध्यावर त्यांची बोटे क्षणभर थबकली. तेथे किंचित खोलवा होता. तो मला आणि मामांना ठाऊक होता, खरारा करताना रोजच हाताला लागत होता. माणक्याचा क्रमांक दुसरा आला, आणि तो फैसला आजोबांनी मनःपूर्वक मान्य केला. त्यानंतर आसपासच्या गावांतून गाई त्याच्याकडे येऊ लागल्या, आणि त्याच्या वर्णाची वासरे कित्येक गोठ्यांत वाढली.

1972 चा दुष्काळ आला तेव्हा तो प्रौढ झाला होता. माणसे मिलोच्या भाकरीवर दिवस काढीत होती आणि कडब्याची पेंढी दृष्टीस पडणे दुर्लभ झाले होते. खरारा तरीही चालू होता. प्रत्येक बरगडी हाताखाली अधिकाधिक स्पष्ट होत गेली. कोणत्या जनावराला आज मूठभर अधिक द्यावयाचे, याचा निर्णय मामा त्या स्पर्शावरून करीत. प्रदर्शनासाठी शिकलेली विद्या अशी त्या वर्षी प्राणरक्षणाच्या कामी आली. माणक्या त्यातून तरला, आणि पुढे वार्धक्याने आमच्याच गोठ्यात गेला.

आता नांगर ट्रॅक्टर ओढतो, दुधासाठी संकरित गाई दावणीला आल्या, आणि रूक्ष वैरणीवर व कडक उन्हात टिकून राहणारा हा लाल वंश जतन करण्याचे मोठे दायित्व यात्रांतील प्रदर्शनांवर येऊन पडले आहे. बीडकडची तरुण मुले आपली जनावरे मोठ्या हौसेने तेथे नेतात, याचा मला मनापासून आनंद होतो. त्यांच्यापैकी जो नवशिका असेल त्याने झूल आणि घुंगुरमाळा अवश्य घ्याव्यात. परंतु आपल्या जनावराच्या पाठीवरील खोलवा आणि बरगड्यांवरील मांस डोळे मिटून सांगता येईपर्यंत रोज पहाटे त्याच्या अंगावरून हात फिरवावा. ज्या घरात एखाद्या तरी माणसाला आपले जनावर इतके ठाऊक असते, त्याच घरांच्या आधारावर वंश टिकतो.