सायकलवरून उतरायचं कुठं

या डिसेंबरात लातूरहून महाडला सायकलवर जायचं ठरवलंय. मिलमध्ये सांगितलं तर पोरं हसली. एकजण म्हणला, "सायकलवर घाटात? मरायला चाललास का बे?" त्याचंही खोटं नाही. डाळ मिलमध्ये बारा तास उभं राहिलं, तुरीला तेलपाणी केलं, रोलरपाशी चुनीचा धुरळा गिळला, की माणसाला खाटेपलीकडं काही दिसत नाही. आणि हौसेनं डोंगर चढणारी माणसं आपल्यात पाहिलीत कुणी? मनाली-लेहला जाणाऱ्यांचे फोटो मोबाइलवर दिसतात. लाखाची सायकल, काळा चष्मा, पाठीमागं बर्फ. आपल्याकडं डोंगर म्हणजे सरपण. डोंगर म्हणजे दुसऱ्याची गुरं. माझ्या आजीनं 1972 च्या दुष्काळात खडी फोडली ती या बालाघाटाच्या टेकाडांचीच. अख्खं टेकाड हातोडीखाली घालून बारीक केलं तिनं. वर उभं राहून खाली बघितलंस का कधी, असं विचारलं तर म्हणायची, "बघायला येळ कुठं व्हता रे बाबा, मुकादम पाट्या मोजायचा."

सायकल आज्याची आहे. म्हणजे फ्रेम तेवढी आज्याची. रिंगा, तारा, सीट, सगळं बदललेलं. आजा नांदेडच्या उस्मानशाही मिलमध्ये कामाला होता. ती मिल बंद पडली. ज्या कंपनीची सायकल, त्या अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 ला बंद झाला, तोही नेमका जागतिक सायकल दिनाला! कामगाराच्या नशिबात असले मुहूर्त असतात. फ्रेम मात्र टिकली.

आजा सुट्टीत याच सायकलवर कंधारकडच्या आमच्या गावी यायचा. नांदेडपासून गावापर्यंत ताठ सीटवर बसून यायचा आणि वेशीत आला की उतरायचा. तिथं ना चढ, ना खड्डा. तरी उतरायचा, आणि हँडल धरून खालमानेनं महारवाड्यापर्यंत चालत जायचा. बाप तेव्हा पोरगा, दांडीवर बसलेला. त्यालाही उतरवायचा. पंक्चर झाली का, म्हणून बापानं एकदा विचारलं. आजा म्हणला, "व्हय, पंक्चरच हाय." बापाला त्या पंक्चरचा अर्थ कळायला पुढची चार-पाच वर्षं गेली.

म्हणून महाड. 1923 साली मुंबईच्या कायदेमंडळानं ठराव केला की सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. 1924 साली महाडच्या नगरपालिकेनंही चवदार तळं खुलं केलं. कागदावर. पाण्याला हात लागायला 20 मार्च 1927 उजाडावा लागला, आणि हात लागल्यावर डोकी फुटली. त्याच साली डिसेंबरात बाबासाहेब पुन्हा गेले. बोटीनं दासगावला उतरले, तिथून हजारो माणसं पाच मैल पायी महाडात गेली. परिषदेला जागा दिली फत्तेखानानं. 25 डिसेंबरला मनुस्मृती जाळली. मार्चात आपल्याकडचं ऊन सायकलवाल्याला भाजून काढतं, म्हणून मी 25 डिसेंबर धरलाय. थंडी असते, दरडीचं भय कमी असतं.

बाप म्हणतो, "यष्टीनं जा की. बाबासाहेबानं शिका म्हणलं व्हतं, पायडल मारा म्हणलं नव्हतं." बापाशी वादात जिंकता येत नाही.

रस्ता असा काढलाय. लातूर, मुरूड, ढोकी, कसबे तडवळे, येडशी, बार्शी. मग कुर्डुवाडी, टेंभुर्णी, इंदापूर, बारामती, नीरा, शिरवळ, भोर आणि वरंध घाट उतरून महाड. चारशे किलोमीटरच्या वर. रोज ऐंशी ते शंभर धरले तर पाच दिवस. तडवळ्याला थांबणार. तिथं फेब्रुवारी 1941 मध्ये, निजामाच्या राज्यात, बाबासाहेबांनी महार-मांग वतनदारांची परिषद घेतली होती. यादीत टेंभुर्णी लिहिली आणि पेन अडकला. ही सोलापूर जिल्ह्यातली, हायवेवरची. आमच्या नांदेड जिल्ह्यात दुसरी टेंभुर्णी आहे. नामांतराचा ठराव 27 जुलै 1978 ला झाला आणि त्यानंतर आठ-दहा दिवसांतच तिथं पोचिराम कांबळेंना ठार मारलं. नाव मिळायला पुढं 14 जानेवारी 1994 यावा लागला. हायवेवरच्या टेंभुर्णीत चहाला थांबलो तरी मला तो गोड लागायचा नाही.

आता गंमत बघा. लातूर समुद्रापासून सहाशे मीटरच्या वर, आणि महाड जवळजवळ समुद्राच्या पातळीला. म्हणजे हिशेबानं सगळा उतारच. पण रस्ता हिशेबानं चालत नाही. येडशीला रामलिंगपाशी बालाघाट उतरायचा, आणि भोरच्या पुढं नीरा-देवघर धरणाच्या कडंकडंनं पुन्हा चढायचं, वाघजाईपर्यंत. तिथून पुढं कोकणात धाडकन उतार. पावसाळ्यात दरडी पडतात, घाट बंद ठेवतात. उघडा आहे का, हे भोरमध्ये विचारूनच पुढं निघायचं.

सायकलला गिअर नाही. पुढचं चाक 44 दातांचं, मागचं फ्रीव्हील 18 चं. पायडलच्या एका फेऱ्यात साडेपाच मीटर जाते. सपाटीला झकास, चढाला छाती फोडते. मागं 22 दातांचं टाकलं तर एका फेऱ्यात साडेचार मीटर. मीटरभर कमी, पण तेवढाच जोर हलका. चढापेक्षा भ्या उताराचं. सळईचे ब्रेक सारखे दाबून धरले तर रबराचे गुटके तापतात, मग धरतच नाहीत. मागचा-पुढचा आलटून पालटून दाबायचा, अधेमधे थांबून रिंगला हात लावून बघायचा. गुटक्यांचे दोन जोड जादा, दोन ट्यूबा, सोल्युशन, पाने, पंप. ओझं कॅरिअरवर खाली बांधायचं, पाठीवर काही नाही. कवितेची वही पिशवीत सगळ्यात खाली.

मुक्कामाचं फारसं काही नाही. प्रत्येक गावात भीमनगर असतं, विहार असतो. अंथरूण मिळतं, भाकरी मिळते. घोर पाण्याचा. हापशावर बाटली भरताना कुणी प्रेमानं विचारतं, कुठून आलात? मग नाव. मग आडनाव. नुसतं नाव सांगितलं की हमखास, "पुढं?" हा 'पुढं' वरंध घाटाहून उभा चढ आहे. मी आडनाव पहिल्यांदाच सांगणार, म्हणजे समोरच्याचाही वेळ वाचतो.

मागल्या महिन्यात ओझं किती निभतं ते बघायला गावी गेलो होतो. बाप फाट्यावर भेटला, त्यालाच कॅरिअरवर बसवलं. वेशीत कुणी नव्हतं. एक कुत्रं आणि मोबाइलात मान घातलेलं एक पोरगं. तरी वेस आली तशी सायकल हलकी झाली. बाप चालत्या सायकलवरून खाली उतरला होता. मी थांबलो. तो म्हणला, "तू हो म्होरं. पाय आखडलेत माझे." मी उतरलो नाही. घरापर्यंत पायडल मारत गेलो. तो मागून चालत आला. त्यावर आम्ही दोघंही बोललो नाही.

तेव्हापासून एकच डोक्यात आहे. वरंध घाट मला सगळा बसून चढता येणार नाही, हे धरूनच चाललोय. छाती भरली की उतरणार आणि सायकल ढकलणार. त्यात लाज कसली? डोंगर काही आडनाव विचारत नाही. फक्त गावांमधून उतरायचं नाही, एकाही वेशीत नाही. चढ तिथं आपल्या मर्जीनं उतरायचं. हे बापाला सांगायचं होतं, पण त्याच्यापुढं शब्द येत नाहीत. म्हणून इथं लिहितोय. तो हे वाचून घेईल कुणाकडून तरी.

सुट्टीचं विचारलं. जायला पाच दिवस. महाडहून पनवेलपर्यंत दोन. तिथून डाळ टाकून परतणारा ओळखीचा ट्रक मिळाला तर सायकलसकट लातूर. आठ दिवस झाले. मुकादम म्हणला, "पगार तर नाहीच. आन् नवव्या दिवशी रोलरवर तुझी जागा राहील असंबी नाही." बरं म्हणलं. गंजगोलाईतल्या सायकलवाल्याकडं 22 दातांच्या फ्रीव्हीलचे पैसे भरून टाकलेत. शुक्रवारपर्यंत येईल म्हणलाय.