केळीची खोली आणि बोर्डोची बाटली

आज केळी-हळदीच्या नोंदीत जरा वेगळा विषय घेतलाय, फ्रान्सच्या लाल वाइनचा. माळकरी मंडळींनी रागावू नये. आमच्याही घरात माळ आहे, आणि मी कुणाला प्या म्हणत नाही. पण द्राक्ष हा शेतमालच आहे. एका शेतमालाची तोडणीनंतर लोक किती निगा राखतात हे बघितलं की आपल्या मालाबद्दलही डोक्यात प्रश्न येतात, म्हणून लिहितोय.

माझा भाचा फ्रान्समध्ये तुलूझला नोकरीला आहे. दिवाळीत येताना त्यानं एक बाटली आणली. बोर्डोची, मेदोक भागातली, 2015 सालच्या द्राक्षांची. तुलूझवरून गारोन नदी जाते, तीच पुढं बोर्डो गावावरून समुद्राकडं जाते. आल्या आल्या त्याचा पहिला प्रश्न, "मामा, ही ठेवायची कुठं?"

देवघर असलेल्या घरात ठेवायची नाही, हे तर ठरलेलंच. पण त्याची अडचण वेगळी होती. म्हणला, "हिला 12-13 अंश लागतात. उजेड नको, हलवाहलव नको, हवा दमट पाहिजे आणि बाटली आडवी पाहिजे." मी म्हणलो, अरे, ही तर आपली केळीची खोली झाली!

केळीवाल्यांना सांगायला नको. कच्ची केळी साठवायची आणि गाडीत भरायची ती 13-14 अंशांवर. त्याच्या खाली गेली की साल काळवंडते, वर गेली की वाटेतच पिकायला लागते. आणि पिकवायची वेळ आली की रायपनिंग चेंबर 16 ते 18 अंशांवर आणतो. आता गंमत बघा. बोर्डोची लाल वाइन साठवायची 12-13 ला आणि प्यायला द्यायची 16 ते 18 ला. आकडे जवळपास तेच. बाटली मित्राच्या शीतगृहात एका कोपऱ्यात, पोत्याखाली आडवी ठेवून दिली.

आडवी कामून? तर बूच ओलं राहावं म्हणून. हे बूच झाडाच्या सालीचं असतं. बाटली वर्षानुवर्षं उभी राहिली की ते सुकतं, आकसतं आणि आत हवा शिरते. दमटपणाही त्याचसाठी. घरातल्या फ्रीजमध्ये 4-5 अंश असतात आणि हवा कोरडी. चार-आठ दिवस चालतं, वर्षासाठी नाही. आणि आपल्या उन्हाळ्यात बाटली कपाटात ठेवली तर मेमध्ये खोलीतच चाळिशीच्या जवळ पारा जातो. वाइन शिजल्यासारखी होते, आतला द्रव फुगून बूच वर ढकलतो.

मला आधी वाटलं, पूर्वी ज्वारीची पेवं होती तसं खाली पुरलं की झालं. तिकडं तळघरंच असतात ना. पण जमिनीत खोल गेलं की तिथलं तापमान साधारण त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरीइतकं असतं. बोर्डोची सरासरी 13-14 अंशांच्या आसपास, म्हणून तिथं नुसतं तळघर पुरतं. नांदेडची सरासरी 26-27. आपलं पेव ज्वारीला चाललं, वाइनला चालणार नाही. त्यांना जे जमिनीनं फुकट दिलंय त्याचं आपल्याला वीजबिल भरावं लागतं.

बाटली उघडली ती जानेवारीत, मळ्यावर. आम्ही चौघं, एक दिवसाचे परवाने काढलेले. भाच्यानं आदल्या दिवशीच बाटली उभी करायला सांगितली होती. जुन्या लाल वाइनमध्ये गाळ असतो, तो तळाशी बसावा म्हणून. मग बूच काढून त्यानं वाइन हळूहळू काचेच्या मोठ्या भांड्यात ओतली. बाटलीच्या मानेमागं मोबाइलची बॅटरी धरलेली. गाळाची रेघ मानेशी आली तिथं हात थांबवला. त्यानं दोन कामं झाली, गाळ मागं राहिला आणि वाइनला हवा लागली. तासभर तशीच ठेवली. फार जुनी असेल तर एवढा वेळ ठेवायची नसते म्हणे, वास उडून जातो.

पेला एक तृतीयांशच भरायचा. बाकीची जागा वासासाठी. आधी पांढऱ्या कागदावर पेला तिरका धरून रंग बघायचा. नवी वाइन जांभळी असते, वय झालं की कडेनं विटकरी दिसते. आमची कडेला विटकरी झाली होती. मग पेला गोल फिरवून नाक घालायचं. पुस्तकात ब्लॅककरंट नावाच्या फळाचा वास लिहितात. ते आपण कधी बघितलं नाही. मला पिकलेलं जांभूळ आणि करवंद आठवलं, त्याच्या मागं शाळेत पेन्सिल तासल्यावर येतो तो लाकडाचा वास. तो लाकडाचा वास थोडा द्राक्षाच्या जातीचाही आणि थोडा पिंपाचाही असतो. ओक लाकडाचं पिंप 225 लिटरचं, म्हणजे बरोबर 300 बाटल्यांचं. त्यात ही वाइन वर्ष-दीड वर्ष राहते.

घोट तोंडात फिरवला की पहिल्यांदा हिरड्या आवळल्या. तुरट! बरोबरचा एक जण म्हणला, "हे तर कच्च्या केळीच्या चिकासारखं." आणि खरंच, गोष्ट तीच आहे. त्या तुरटपणाला टॅनिन म्हणतात. द्राक्षाच्या सालीत आणि बीत ते असतं, आणि कच्च्या केळीतही असतं. केळी पिकताना टॅनिन एकमेकाला धरून बसतं, जिभेला लागत नाही, म्हणून पिकली केळी तुरट लागत नाही. बाटलीतही टॅनिन हळूहळू एकमेकाला धरतं, काही गाळ होऊन खाली बसतं आणि वाइन मऊ होते. फरक एवढाच, की केळीला त्यासाठी चार-पाच दिवस लागतात आणि चांगल्या बोर्डोला दहा-वीस वर्षं. मेदोकच्या गोट्याळ जमिनीत काबर्ने सोव्हिन्यो ही जाड सालीची, बारीक मण्याची जात लावतात, म्हणून टॅनिन जास्त आणि टिकाव जास्त. नदीच्या दुसऱ्या अंगाला चिकणमाती आहे, तिथं मर्लो जास्त. ती लवकर मऊ होते.

सोबत भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि मटण होतं. चटणीच्या तिखटानं वाइन आणखी कडक लागली, मटणाच्या चरबीनं ती गुळगुळीत झाली. ज्यांना कधी देण्याचा प्रसंग येईल त्यांनी ध्यानात ठेवा, तिखट कमी आणि मटण जास्त. आणि "रूम टेंपरेचर" असं लिहिलेलं असेल तर ती त्यांची दगडी घरातली खोली, आपली नाही. आपल्याकडं देण्याआधी बाटली पंधरा-वीस मिनिटं गार पाण्यात ठेवावी.

आपल्या नाशिककडंही हीच काबर्ने आहे, शिराझ आहे. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी आणि तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये. बोर्डोत एकच छाटणी, हिवाळ्यात, आणि तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरला. राज्यानं 2001 ला वाइनचं धोरण आणलं, विंचूरला वाइन पार्क केलं. तिथली बहुतेक लाल वाइन दोन-चार वर्षांत प्यायची असते, आणि त्यात कमीपणा काही नाही. बोर्डोचीही बहुतेक वाइन तशीच असते. वीस-तीस वर्षं टिकणाऱ्या थोड्याच, आणि नाव त्यांचंच होतं. 1855 साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी मेदोकच्या वाइनांची पाच पायऱ्यांची यादी केली, ती आजही चालते. त्यात मोठा बदल एकदाच झाला, 1973 ला, एका वाइनला दुसऱ्या पायरीवरून पहिल्या पायरीवर घेतलं तेव्हा.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते सांगतो. मी भाच्याला विचारलं, एवढी वर्षं माल अडकवून तिथला शेतकरी खातो काय? तो हसला. म्हणला, तो कुठं अडकवतो! तिथं नावाजलेल्या वाइनचा सौदा तोडणीनंतरच्या वसंतातच होतो. वाइन अजून पिंपात असते. व्यापारी चव घेतो, भाव ठरतो, पैसे येतात, आणि बाटल्या दीड-दोन वर्षांनी हातात पडतात. पुढची वीस वर्षं तळघरात वाट बघतो तो घेणारा. म्हणजे वाइन थांबते, पण तिचा शेतकरी थांबत नाही.

आपल्याकडं बरोबर उलटं. केळीचा घड आज कापला तर आजच गाडीत, भाव सकाळी एक आणि दुपारी दुसरा, आणि पैसे? ते महिना-दीड महिन्यानं. माल थांबत नाही, शेतकरी मात्र थांबतो. थांबण्याचा खर्च कुणाच्या अंगावर पडतो, यावर भाव ठरतो.

केळीला आपण थांबवू शकत नाही, तिचा जीवच तेवढा. पण आपल्या शेतात एक पीक आहे ज्याला थांबता येतं, हळद. शिजवली, वाळवली, पॉलिश केली की कोरड्या जागी टिकते. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं होती. जमिनीत खोल खड्डा, तोंड अरुंद, वरून बंद. आत हवा इतकी कमी, की उतरण्याआधी कंदील सोडून बघायचे, विझला तर माणूस उतरायचा नाही. हळद त्यात वर्षानुवर्षं राहायची. 2005 च्या महापुरात त्यातली बरीच पेवं गेली. वाइनचं तळघर आपल्या मातीत झालं नसतं, पण हळदीचं झालं होतं.

आज पेव नाही, पण गोदाम आहे. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत बाजार समितीकडं हळद ठेवून किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, 6 टक्के व्याजानं, 180 दिवसांसाठी. बोर्डोवाल्याला पिंपातल्या मालावर पैसे मिळतात, त्याचा आपल्यापुरता हा लहान भाऊ समजा. सगळी हळद ठेवा असं म्हणत नाही, भाव पडूही शकतो. मी यंदा निम्मी ठेवणार आहे, निम्मी विकून मजुरी आणि बेण्याचे पैसे फेडणार आहे. तुमच्या बाजार समितीत ही योजना चालू आहे का, ते शिजवणी सुरू व्हायच्या आधीच जाऊन विचारा. हळद अंगणात पडल्यावर विचारायला गेलो की तोवर व्यापारी दारात उभा असतो.